डोकी मोजून झाली, आता बादल्या मोजूया

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या अंकात एका गृहस्थांचं पत्र होतं. पुण्यातलं पाणी, ट्रॅफिक, कचरा, नदीची झालेली गटार, ह्या सगळ्याचं मूळ एकच, लोकसंख्या, आणि कडक कायदा करून ती आवरली की बाकीचं आपोआप जागेवर येईल असं त्यांचं म्हणणं. वाचून मी पेपर घडी करून ठेवला, मग परत उघडला, परत वाचलं. राग आला असं नाही, कारण वीस वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच बोलायचे, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना सुद्धा ऐकवायचे. पण मधल्या काळात मी आमच्या सोसायटीची खजिनदार झाले आणि माझं मत हिशोबाच्या वहीनं बदललं, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची असेल तर लावा, पण आकडे तेवढे ठेवा.

सिंहगड रोडच्या एका आतल्या गल्लीत आमची सोसायटी आहे, तीन विंग, ४८ फ्लॅट. २००३ ला सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा घरोघरी जाऊन माणसांची यादी मीच केली होती, तेव्हा भरली २११ माणसं. त्यानंतर तशी यादी करायची वेळ आली ती थेट २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, कोण आत आहे कोण गावाला अडकलंय बघायला, तेव्हा भरली १५३. सतरा वर्षांत ५८ माणसं कमी. पोरं शिकून बंगलोर, जर्मनी, अमेरिका अशी पांगली, काही म्हातारी माणसं गेली, दोनचार फ्लॅटला तर नुसतं कुलूप आहे, मालक दिवाळीला येऊन धूळ झटकून जातात. आता त्या पत्रलेखकांच्या हिशोबानं आमच्याकडे पाणी उरायला पाहिजे होतं, कचरा कमी व्हायला पाहिजे होता, पार्किंग मोकळं दिसायला पाहिजे होतं. झालं उलटंच. २००३ ला टँकर म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं आणि आता एप्रिल-मेमध्ये दिवसाला तीन-तीन टँकर, दहा हजार लिटरचा एक. पार्किंगमध्ये तेव्हा नऊ गाड्या आणि बाकी स्कूटरी होत्या, आता चारचाकीच ६१ आहेत आणि त्यावरून होणारी भांडणं वेगळी. माणसं घटली आणि टँकर वाढले, हे गणित कसं काय?

मी बँकेत नोकरी केलेली बाई, ताळा जुळला नाही की झोप लागत नाही. म्हणून प्लंबरला सांगून वरच्या टाकीच्या मेन लाइनला एक मीटर बसवून घेतला आणि महिनाभर रोज सकाळी सातला जाऊन आकडा लिहिला. सरासरी निघाली दिवसाला ४६,००० लिटर. १५३ माणसांनी भागा, माणशी ३०० लिटर. शहरात माणशी १३५ लिटर धरतात, आणि जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे खेड्यात घरोघरी नळ द्यायच्या केंद्राच्या योजनेत, माणसाला ५५ लिटर धरलेत, ते पण मिळाले तर. मला वाटलं कुठेतरी पाईप फुटलाय. प्लंबरनं सगळं बघितलं, दोन फ्लश टाक्या गळत होत्या, बाकी कुठेही काही नाही. "काकू, लीकेज नाय, वापरच हाय," म्हणाला.

मग मी वापर शोधायला लागले. आरओ मशीन, पेलाभर पाणी शुद्ध करतं आणि दोन-तीन पेले मोरीत सोडतं, हे आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरात, आणि पुण्याच्या धरणाचं पाणी इतकं गोडं आहे की त्याची गरजच नाही, पण शेजारणीकडे आहे ना. दोन माणसांचं वॉशिंग मशीन रोज लागतं कारण घामाचा शर्ट दुसऱ्या दिवशी घालायचा नाही असा नवा शास्त्रार्थ. गाडी पाईप लावून धुणं. शॉवर. आणि दोन माणसांच्या घरात तीन संडास, हे सासूबाई असताना त्यांना सांगितलं असतं तर त्या हसून खालीच बसल्या असत्या.

ह्यावर लगेच कोणीतरी म्हणेल की बघा, आमच्या लहानपणी कशी काटकसर होती. तसं मला अजिबात म्हणायचं नाहीये. मी माण तालुक्यातली, साताऱ्याचा दुष्काळी भाग, घरात तेरा माणसं. आईच्या डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, त्यावर घागर, आणि उन्हाळ्यात आड आटला की पाऊण कोसावरची विहीर. आंघोळीचं पाणी परसातल्या केळीला जायचं, भांडी राखेनं घासायची, हे सगळं खरं. पण त्यात पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नव्हतं, पाणीच नव्हतं. नळ आला तेव्हा आई नळाला हळदकुंकू लावून रडली होती. ते दिवस परत आणा असं जो म्हणतो त्यानं कधी हंडा वाहिलेला नसतो. माझा मुद्दा एवढाच की तेरा माणसांचं ते घर आणि आज माझ्या समोरच्या फ्लॅटमधलं दोन माणसांचं घर, दोन्हीत डोकी मोजलीत तर पहिलं घर गुन्हेगार ठरतं आणि बादल्या मोजल्यात तर दुसरं. धरणाला डोकी दिसत नाहीत हो, त्याला फक्त उपसा दिसतो.

टँकरचं पण सांगते. एकदा मे महिन्यात दुपारी टँकर रिकामा होत होता, ड्रायव्हर सावलीत बसलेला, त्याला ताक दिलं आणि सहज विचारलं, दादा हे पाणी आणता कुठून. हवेली तालुक्यातल्या एका गावचं नाव सांगितलं त्यानं, एका शेतकऱ्याची विहीर. म्हटलं मग त्याच्या शेतीचं काय. तर म्हणाला, "काकू, उन्हाळ्यात तो पिकाला पाणी देतच नाय आता, टँकरला दिलं की रोख पैसं. शेजारच्यांच्या हिरी खाली गेल्यात, ते शिव्या देतेत त्याला." ते पाणी त्या वेळी आमच्या बी विंगच्या टाकीत पडत होतं आणि बी विंगच्या खाली एक जण एसयूव्ही धूत होता. मी काही बोलले नाही, खजिनदारानं कितीदा बोलायचं. पण त्या दिवसापासून टँकरचं बिल पास करताना मला त्या शेजारच्यांच्या विहिरी आठवतात.

पुण्याचं मोठं गणित पण असंच आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी पाणी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. १९५१ ला पुण्यात पाच लाखाच्या आत माणसं होती, २०११ च्या जनगणनेत ३१ लाख, आता गावं जोडली जाऊन कितीतरी जास्त. मधल्या काळात नवी धरणं झाली, तरी माणसं वाढल्यानं ताण आला नाही असं कोण म्हणेल? आलाच. त्या पत्रलेखकांचं एवढं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण शहर मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलतं म्हणून पाटबंधारे खातं आणि महापालिका दरवर्षी भांडतात, आणि त्याच धरणांच्या कालव्यावर दौंड-इंदापूरचा शेतकरी आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटायच्या पाळीची, वाट बघत बसलेला असतो, त्याला सांगून बघा की पुण्यात माणसं फार झाली म्हणून तुझं पाणी गेलं, आणि मग त्याला आमच्या सोसायटीचा ३०० लिटरचा आकडा दाखवा, बघा काय म्हणतो. बरं वापरलेलं पाणी कुठे जातं, मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत, तिथली जलपर्णी आणि हिरवं पाणी आपण फोटोत बघतो, आणि सोलापूर पितं ते उजनीचंच. आपण फ्लश ओढला की आपल्यापुरता विषय संपतो, त्यांच्याकडे तो सुरू होतो.

आता लोकसंख्येच्या कायद्याचं. मला राहून राहून वाटतं की ही मंडळी १९७५ सालात बसून पत्र लिहितात. अहो र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ ला, त्यापायी प्राध्यापकी गेली त्यांची. सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ चा. आणि त्याचं फळ आलेलं आहे, ते कोणी बघतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईमागे मुलांचं प्रमाण देशात २.० आलं आणि महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतं, म्हणजे आपण त्याच्याही खाली गेलोय. तरी देशाचा एकूण आकडा अजून काही वर्षं वाढणार, कारण आधी जन्मलेली तरुण पोरं आहेत, त्यांची लग्नं व्हायची आहेत, चुलीतला जाळ ओढून घेतला तरी दूध थोडं वर येतंच तसं. २०२३ मध्ये आपण चीनच्या पुढे गेलो तेव्हा केवढा गाजावाजा झाला, पण आपल्या घरातला आकडा १.७ आहे हे कुठल्या चहाच्या टपरीवर ऐकलंय का तुम्ही? मग लगेच लोक बिहारचं नाव काढतात, तिथे तीन आहे बघा म्हणून. आहे. पण देशात माणशी सगळ्यात कमी वीज वापरणाऱ्या राज्यांत पण बिहारच आहे. तिथल्या पोराच्या डोक्यावर पंखा नसतो आणि पर्यावरणाचा ठपका मात्र त्याच्याच डोक्यावर.

कायदा नाहीये असंही नाही. महाराष्ट्रात २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचं पद जातं, २००५ पासून सरकारी नोकरीला पण छोट्या कुटुंबाची अट आहे. तिसरं मूल झालं तर सरपंचपद जातं आणि तिसरी गाडी घेतली तर आमच्या सोसायटीत पेढे वाटतात. मी पण खाल्लेत, खोटं कशाला बोलू.

आणि एक गंमत बघा, मुलं कमी झाली म्हणजे घरं कमी होत नाहीत, घरं वाढतात. २००१ च्या जनगणनेत देशात एका घरात सरासरी पाचाच्या वर माणसं होती, कुटुंब आरोग्यच्या त्या सर्वेक्षणात ४.४ वर आली. आमच्या सोसायटीत तर तीनाला सव्वातीनाला आली. पाच माणसांना एक फ्रीज लागायचा, आता तीच पाच माणसं दोन घरांत राहतात आणि दोन फ्रीज, दोन मिक्सर, दोन वायफाय, दोन गॅस. एकटा राहणारा माणूस पण कुकर लावतोच आणि दिवाणखान्यातला दिवा अर्धा लावता येत नाही. माझं स्वतःचं बघा, मी एकटी, २ बीएचके, आणि फ्रीज २६० लिटरचा, त्यात काय असतं तर अर्धं लिंबू आणि तीन दिवसांची कोथिंबीर.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे मी पेन उचललं. मागच्या जूनच्या मीटिंगला बी विंगमधले एक काका, सज्जन माणूस, पंढरीला जातात, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावतात, ते पाण्याच्या विषयावर म्हणाले, "मुळात ह्या लोकांना पोरंच किती!" आणि हात दाखवला गेटकडे. गेटवर आमचे वॉचमन मामा, नांदेडकडचे, बायको आणि तीन पोरं, पंपरूमच्या मागे दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. मीटिंगमध्ये दोघं-तिघं हसले. मामांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

त्या खोलीला सबमीटर आहे, बिल सोसायटी भरते, म्हणजे आकडा माझ्या वहीत आहे. मे महिन्यात ४५ युनिट. एक पंखा, दोन बल्ब, एक टीव्ही, मोबाईलचं चार्जिंग. पाणी, दोन निळे ड्रम, दिवसाला मिळून दोनशे-सव्वादोनशे लिटर. पाच माणसं. आणि काकांचं बिल मला कसं कळलं, तर त्यांनी स्वतःच त्याच महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला होता, किती लुटतात बघा म्हणून, ७४२ युनिट. घरात दोन माणसं, चार खोल्यांना चार एसी. भागाकार करा, मामांच्या घरात माणशी ९ युनिट आणि काकांच्या घरात माणशी ३७१, एकेचाळीस पट. आपल्याकडे एक युनिट विजेमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज कोळशाची. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, ताडोबाच्या उंबऱ्याशी, उन्हाळ्यात ते शहर देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत असतं. इथे पुण्यात आपण २० वर एसी लावून रजई घेतो आणि तिकडे राखेची धूळ कोणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. मामांना तीन पोरं आहेत हे खरंय, पण त्यांना तीन काय तीस पोरं असती आणि ती सगळी तशीच राहिली असती तरी काकांच्या मीटरला गाठली नसती. हे मी मीटिंगमध्ये बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. आज पेपरात बोलतेय, तोंडावर बोलायला अजून जमत नाही.

दुसऱ्यांचंच काढत बसले असं नको. मला एकच मुलगा, आणि त्याचा मला केवढा अभिमान, देशासाठी काहीतरी केलं असं वाटायचं. तो न्यूजर्सीला असतो. मी तिकडे पाच महिने राहून आले. कडकडीत ऊन असताना कपडे ड्रायरमध्ये वाळवतात, दोरी बांधू का विचारलं तर सून म्हणाली, "आई, इथे बाहेर कपडे दिसलेले चालत नाहीत." कोथिंबिरीची जुडी आणायला गाडी काढून वीस मिनिटं. दूध गॅलनच्या कॅनमध्ये, अर्धं ओतून देतात. वाईट माणसं नाहीत हो, माझीच आहेत, तिथलं सगळं गावच तसं बांधलेलं आहे, चालत कुठे जाताच येत नाही. पण सरासरी अमेरिकन माणसामागे वर्षाला १४ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आणि सरासरी भारतीयामागे २ टन, जगाची सरासरी पाचाच्या जरा खाली. म्हणजे माझा एक नातू इथल्या सात पोरांच्या बरोबरीचा. मामांची तीन आणि माझा एक, कोणाचं कुटुंब मोठं? शिवाय माझं विमानाचं जाणं-येणं धरलं तर त्या एका फेरीत सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या हिशोबाइतकं मी एकटीनं उडवलं. परत जाणार का? जाणार, नातू आहे. हेच तर अवघड आहे सगळं.

चीनचं उदाहरण तर ह्या कायदेवाल्यांनी नीट वाचावं. १९८० पासून २०१५ पर्यंत एकच मूल, इतका कडक कायदा की आपल्याकडे कोणी स्वप्नात पण करू शकणार नाही. आणि त्याच काळापासून त्यांचं वर्षाचं कार्बन डायऑक्साइडचं मोजमाप दीडशे कोटी टनांवरून वाढत वाढत आता अकराशे कोटींच्या वर. पोरं कमी झाली, कारखाने, सिमेंट, कोळसा वाढला. अर्थात त्यातलं थोडं आपल्या नावावर पण लिहायला पाहिजे, कारण आमच्या गेटवर येणाऱ्या पार्सलातलं मोबाईल कव्हर, लाइटची माळ, नाक साफ करायचं मशीन, हे बनतं कुठे?

लातूरचं पण आठवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. लातूर काही मुंबई नाही, चार लाखाच्या आतबाहेरचं शहर. मग तिथे माणसं फार झाली होती का? पाऊस नव्हता हे खरंच, पण मराठवाड्यासारख्या भागात उसाला दिलेलं पाणी कोणी मोजायचं? एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या वर पाणी जातं. उसानं व्यापलेली जमीन राज्यात थोडीच आहे पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा घास त्याचा. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, हमखास दर आणि उचल करणारा कारखाना फक्त उसालाच आहे. पण चहात दोन चमचे घालून आपण लातूरच्या लोकसंख्येवर चर्चा करतो तेव्हा जरा विनोद होतो.

कचऱ्याचं पत्रात फार लिहीत नाही, नाहीतर वेगळं पत्र होईल. आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताई पंधरा वर्षं येतायत, त्यांना माझ्या वहीपेक्षा जास्त माहीत आहे. त्या म्हणतात, "म्याडम, आधी ओला डबा जड असायचा, आता सुका. माणसं दोन न् खोकी सात." पुठ्ठ्याचे चार पैसे तरी येतात, पण ते फुग्याचं प्लास्टिक, थर्माकोल, वेफर्सची चकचकीत पाकिटं भंगारवाला घेत नाही. मी एकदा बघितलं, एका पार्सलात खोकं, त्यात खोकं, त्यात फुगे आणि त्यात एक नेलकटर. आता तर दहा मिनिटांत कोथिंबीर येते, प्लास्टिकच्या डबीत निजवलेली. २३ जून २०१८ ला प्लास्टिकबंदी झाली तेव्हा आठ-दहा आठवडे सगळे कापडी पिशव्या घेऊन हिंडत होते, फोटो पण काढले आम्ही, मग पातळ पिशवी हळूच भाजीवाल्याकडे परत आली आणि आम्ही पण हळूच घेतली. आपला कचरा वर्षानुवर्षं कचरा डेपोशेजारच्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी नाकाला पदर लावून सोसला, गाड्या अडवल्या तेव्हा आपण म्हणालो हे लोक किती आडमुठे आहेत. त्याच वर्षी, २०१८ लाच, बातमी आली होती की पुण्यात माणसांपेक्षा वाहनांची संख्या जास्त झाली. हेडलाइन वाचून आम्ही हळहळलो, आणि त्याच दसऱ्याला सोसायटीत चार नव्या गाड्यांना झेंडूचे हार.

मग करायचं काय असं विचाराल. मी काही तज्ञ नाही, आमच्या इथे काय केलं तेवढं सांगते. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकरातच येते, तुम्ही दोन बादल्या वापरा नाहीतर दोनशे, रक्कम तीच. महापालिका समान पाणीपुरवठ्याच्या योजनेत मीटर बसवतेय, पण आम्ही त्याची वाट न बघता फ्लॅटवार मीटरचा ठराव वार्षिक सभेला आणला. काय गोंधळ झाला म्हणून सांगू. एक जण म्हणाले, "पाणी मोजायचं म्हणजे काय, आम्ही काय धर्मशाळेत राहतो?" दुसऱ्या म्हणाल्या पाहुणे आले तर काय त्यांना सांगायचं का की अंघोळ करू नका. तिसऱ्यांचा मुद्दा मला पटला, की ज्यांच्याकडे आजारी, अंथरुणावरचं माणूस आहे त्यांना जास्त लागणारच. ते आम्ही ठरावात घातलं. माणशी १३५ लिटरपर्यंत मेंटेनन्समध्ये, त्यावर दुप्पट दर, २०० च्या वर चौपट. तीन मतांनी पास झाला. ज्यांनी विरोध केला त्यांच्यातल्या एकांनी दुसऱ्याच महिन्यात गळका फ्लश दुरुस्त केला, सहा वर्षं गळत होता, आणि आरओचं वाया जाणारं पाणी आता बादलीत धरून फरशी पुसायला घेतात. ४६,००० चे ३१,००० झाले. अजून माणशी २०० आहेत, फार काही तीर मारलेला नाही, पण उन्हाळ्यात रोजचे तीन टँकर निम्म्यावर आले. माणसं तीच १५३.

शेवटचं एक सांगते आणि थांबते. मामांची बायको गेल्या महिन्यात म्हणाली, "ताई, दुपारून दूध नासायलंय, कोणाचं जुनंपानं फ्रीज असंल तर बघा की." मी ग्रुपवर टाकलं, आणि अर्ध्या तासात बी विंगच्या त्याच काकांचा मेसेज, आमचा देतो, पैसे नकोत. मोठ्या मनाचा माणूस आहे, मी आधीच म्हटलं. त्यांना तसाही नवा घ्यायचा होता. रविवारी चौघांनी मिळून जुना खाली आणला, मामांच्या पोरांनी त्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं, आणि पहिल्या रात्री तिघं जण आळीपाळीनं दार उघडून आतला दिवा लागतो का बघत होते. सबमीटरवर ह्या महिन्यात ७१ युनिट आलेत, मी वहीत लिहिले, आणि ते वाढलेले २६ युनिट लिहिताना मला जराही वाईट वाटलं नाही. काकांकडे आता डबल डोअर आलाय, बर्फाचे तुकडे बाहेरूनच पडतात म्हणे. त्यांनी ह्या महिन्याचं बिल अजून ग्रुपवर टाकलेलं नाही.

आपली,
एका सोसायटीची खजिनदार,
सिंहगड रोड, पुणे